मेलचं शेपूट

कोजागिरीला दूध किती सांगायचं, एवढाच माझा प्रश्न होता. काकांनी उत्तर मंगळवारी धाडलं. मला ते सापडलं गुरुवारी दुपारी. एकोणचाळीस जुन्या मेलच्या तळाशी, कुणाच्या तरी कंपनीच्या 'हा मजकूर गोपनीय आहे, चुकून मिळाल्यास नष्ट करावा' या परिच्छेदाखाली एक शब्द होता: 'चाळीस'. जीमेल १०२ केबीच्या पुढचा मेल कापतो आणि पूर्ण मजकूर पाहण्यासाठी खाली एक दुवा चिकटवतो. आमचे चाळीस लिटर त्या दुव्याच्या पलीकडे होते.

चूक माझीच. 'काका, उत्तर वर नका लिहू, खाली लिहा,' असं मीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी लिहिलं खाली. पाताळाच्या एक मजला वर.

इंदूरच्या सुदामानगरातलं आमचं मंडळ अजून ई-मेलवर चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवर हिशेब वाहून जातो, असं खजिनदारांचं म्हणणं. शिवाय वर्गणी देणारी निम्मी पोरं परदेशात. आपण इथे सकाळी पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरतो तेव्हा ती तिकडे झोपायला निघालेली असतात. मी या गटाचा व्यवस्थापक. म्हणजे तक्रारी माझ्याकडे येतात, बाकी सत्ता शून्य.

खरं तर नियम जुनाच आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ नावाचं इंटरनेटच्या शिष्टाचाराचं टिपण निघालं. त्यात सांगितलंय की उत्तर देताना मूळ मजकुराचा सारांश द्या, नाहीतर संदर्भ कळेल एवढाच तुकडा ठेवा. सहीसुद्धा चार ओळींत आटपा. तेव्हा बरेच लोक इंटरनेटचे पैसे मिनिटावर मोजत, त्यामुळे दुसऱ्याचं लांबण वाचणं खिशालाही लागायचं. दुसऱ्याच्या ओळीआधी > असा बाण, त्याखाली आपलं उत्तर, बाकीचं छाटून टाका, अशी रीत होती. मग आउटलुकनं कर्सर सगळ्यात वर नेऊन ठेवला, जीमेलनं शेपूट तीन टिंबांआड झाकलं. जे दिसतच नाही ते माणूस कापणार कसं?

आमच्या पुण्याच्या ताई 'डायजेस्ट' घेतात. दिवसभराचे सगळे मेल त्यांना रात्री एकगठ्ठा मिळतात, आणि त्या उत्तर देतात तेही गठ्ठ्यालाच. विषयाच्या जागी 'डायजेस्ट क्रमांक अमुक', मजकूर 'मस्तच!', आणि खाली अख्खा गठ्ठा. काय मस्त? टँकरचं बिल, भजनाची बदललेली वेळ, की शोकसभेची सूचना? त्या रात्री तिघांनी हा प्रश्न विचारला. तिघांनीही गठ्ठा जोडून.

एका माजी अध्यक्षांची सही अकरा ओळींची. नाव, पदवी, भूषवलेली पदं, तीन फोन (त्यातला एक केव्हाच बंद), एक सुभाषित आणि शेवटी 'झाडे वाचवा, हा मेल छापू नका'. चौदा उत्तरांच्या साखळीत ती झाडं चौदा वेळा वाचतात. सहीच्या आधी एका ओळीवर दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा दिली, तर बरेच मेल-प्रोग्राम उत्तराच्या वेळी सही आपोआप गाळतात. हे त्यांना समजावलं. त्यांनी रेघा मारल्या, पण सहीच्या खाली, शोभेला. सही झाली बारा ओळींची.

आणि हे कुठे, तर इंदूरमध्ये! २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं शहर. सकाळी गाडीचं गाणं वाजलं की हीच मंडळी ओला-सुका वेगळा करून गेटावर उभी असतात. केळ्याचं साल सुक्यात पडलं तर माझी आत्या गाडीवाल्यासमोर मला झापते. तीच आत्या 'जय श्रीकृष्ण' या दोन शब्दांखाली गेल्या दिवाळीपासूनचा कचरा न वेगळा करता सत्तर घरी पाठवते.

छाटणीचा उलटा आजारही असतो. मी लिहिलं होतं, 'वहिनींचं गाणं वाईट झालं नाही, माइक वाईट होता.' एका उत्साही सभासदानं माझ्या उपदेशाला मान देऊन त्यातलं 'वहिनींचं गाणं वाईट' एवढंच ठेवलं आणि खाली लिहिलं, 'असहमत!' कापलं तिथे तीन टिंबं तरी द्यावीत की नाही? वहिनी अजून माझ्याशी माइकमधून बोलल्यासारख्या लांबूनच बोलतात.

शेवटी मी काकांच्या घरी गेलो. म्हटलं, "पोस्टानं पत्र आलं तर उत्तरात ते पत्र टाचून पाठवतो का आपण?"

काका चाळीस वर्षं सरकारी खात्यात. म्हणाले, "अरे भिया, तू काय सांगून राहिलास! नोटशीटवर मागच्या सगळ्या टिपा नसतील तर साहेब सही करेल का? मागचं पान फाडलं तर चौकशी बसते."

मी चहा पिऊन परत आलो.

दुधाचा मामला मग खजिनदार आणि मी दोघांतच मिटवला. त्याच साखळीत बाकीचे पत्ते काढून पाच-सहा मेल झाले. रविवारी सकाळी पक्का बेत सगळ्यांना कळवायचा म्हणून मी त्यातल्याच शेवटच्या मेलवर गटाचा पत्ता घातला, 'दूध ४० लिटर, गच्चीवर ८ वाजता, पेले घरून आणावेत' असं लिहिलं आणि पाठवून दिलं. मग पोहे घेऊन बसलो.

बायकोनं फोन उघडला. "अहो, ही तीन टिंबं दाबून पाहिलीत का?"

पाठवलेला मेल परत घ्यायला जीमेल फार तर ३० सेकंद देतो. माझी प्लेट अर्धी झाली होती. टिंबांआड, खजिनदारांना लिहिलेलं माझं वाक्य जसंच्या तसं होतं: काकांना दूध वाटायला बसवू नका, वाटतात एक पेला आणि पितात दोन.

दुपारी काकांचा मेल आला, सगळ्यांना. मी घाबरत खाली सरकवायला गेलो, तर खाली काहीच नव्हतं. ना एकोणचाळीस मेल, ना गोपनीय परिच्छेद, ना झाडं. सगळा मेल एवढाच:

> वाटतात एक पेला आणि पितात दोन.

तीन.