‘दोन कोटी मतं गायब’: एका आकड्याचा हिशेब

५ नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिपब्लिकन पक्षाचे डोनाल्ड ट्रम्प जिंकल्याचं स्पष्ट झालं आणि त्यानंतरच्या काही तासांतच एक मजकूर वेगाने पसरला. त्याचा गोषवारा असा: २०२० मध्ये दोन मोठ्या पक्षांना मिळून साडेपंधरा कोटींवर मतं पडली होती, या वेळी जेमतेम पावणेचौदा कोटी. मग दोन कोटी मतं गेली कुठे? सोबत निळ्या स्तंभांचा एक आलेख असायचा. डेमोक्रॅटिक उमेदवारांची २००८ पासूनची मतं: ६.९५ कोटी, ६.५९ कोटी, ६.५९ कोटी, मग एकदम ८.१३ कोटी, आणि २०२४ ला पुन्हा ६.७ कोटींच्या आसपास.

हाच आकडा दोन्ही छावण्यांनी उचलला. ट्रम्प समर्थक म्हणाले, २०२० ची जादा मतं बोगस होती, हा घ्या पुरावा. हरलेल्या डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांच्या समर्थकांतल्या अनेकांनी उलट सांगितलं: या वेळची मतं पळवली, फेरमोजणी मागा. आजही वाद पेटला की हा मजकूर पुन्हा वर येतो. त्यातले मुद्दे एकेक करून पाहू.

‘२०२४ मध्ये दोन कोटी मतं कमी पडली’

नाही. अंतिम, प्रमाणित आकडे असे आहेत. २०२०: डेमोक्रॅट जो बायडन ८.१३ कोटी, ट्रम्प ७.४२ कोटी, इतर सगळे धरून एकूण सुमारे १५.८४ कोटी. २०२४: ट्रम्प ७.७३ कोटी, हॅरिस ७.५० कोटी, एकूण सुमारे १५.५२ कोटी. म्हणजे घट झाली ती ३२ लाखांची. मजकुरातला आकडा सहापटीहून अधिक फुगवलेला आहे.

फुगवटा आला कुठून? संपलेल्या मोजणीशी अर्धवट मोजणीची तुलना केली म्हणून. ६ नोव्हेंबरला हॅरिस ६.७ कोटींच्या आणि ट्रम्प ७.१ कोटींच्या आसपास होते, कारण मोजणी चालूच होती. आपल्याकडे निवडणूक आयोग निकाल जाहीर करतो, तशी मतं मोजून राष्ट्रीय निकाल देणारी एकच यंत्रणा अमेरिकेत नाही. मोजणी स्थानिक पातळीवर होते, बहुतेक राज्यांत काउंटीवार (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), आणि अशा काउंट्या तीन हजारांवर आहेत. त्या रात्री पडद्यावर दिसतात ते असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थांनी गोळा केलेले आकडे. ‘अमुक उमेदवार जिंकला’ हा त्यांचा अंदाज असतो, उरलेल्या मतांनी निकाल फिरू शकत नाही याची खात्री झाल्यावर केलेला. त्यानंतरही मोजणी आठवडेच्या आठवडे चालते. पण तोवर बहुतेकांचं लक्ष उडालेलं असतं आणि पहिल्या सकाळचा आकडाच डोक्यात राहतो.

‘महिनाभर मोजणी चालते, म्हणजे काहीतरी शिजतंय’

हा मुद्दा सर्वांत जास्त लोकांना पटतो, म्हणून यावर थोडं थांबू. मराठी वाचकाला तर तो सहज पटेल. २३ नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात विधानसभेची मोजणी सकाळी सुरू झाली आणि त्याच दिवशी निकाल लागले. मतदान होऊन अडीच आठवडे उलटलेल्या कॅलिफोर्नियात तेव्हाही टपाली मतांची पाकिटं मोजली जात होती.

कॅलिफोर्निया हे सर्वांत जास्त मतांचं राज्य, २०२४ मध्ये सुमारे १.६ कोटी मतं. तिथे प्रत्येक सक्रिय नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका घरपोच जाते. मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपाल शिक्का असलेलं पाकीट त्यानंतर सात दिवसांत पोहोचलं तरी ते वैध धरतात. लाखो लोक शेवटच्या एक-दोन दिवसांत पाकीट टाकतात, तेव्हा मतदान संपतं त्या क्षणी मोठा साठा न उघडलेलाच असतो.

एका पाकिटाचं पुढे काय होतं ते पाहा. आधी बाहेरची सही नोंदणीतल्या सह्यांशी ताडून पाहतात. जुळली तरच पाकीट उघडायला जातं. मतपत्रिका बाहेर काढताना पाकीट वेगळं केलं जातं, म्हणजे कोणाचं मत कोणाला हे कळायला मार्ग राहत नाही. घड्या सरळ करतात. फाटलेली, कॉफी सांडलेली किंवा यंत्र वाचू शकणार नाही अशी मतपत्रिका असेल तर तिची नक्कल कोऱ्या मतपत्रिकेवर उतरवतात आणि मूळ प्रत जपून ठेवतात. मग ती स्कॅनरमधून जाते. सही जुळली नाही किंवा करायचीच राहिली, तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी देणं काउंटीला बंधनकारक आहे. मतदानाच्या दिवशीच नोंदणी करून दिलेली मतं आणि तात्पुरती मतं (मतदाराची पात्रता तपासेपर्यंत बाजूला ठेवलेली) सर्वांत शेवटी मोजतात, कारण त्या मतदाराचं टपाली मत आधीच आलेलं नाही ना, हे पाहावं लागतं. शिवाय एक टक्का मतदान केंद्रं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून तिथली मतं हाताने मोजतात आणि यंत्राच्या आकड्यांशी ताळा घेतात. किती मतपत्रिका प्रक्रियेविना पडून आहेत याचा काउंटीवार तक्ता राज्य सरकार या काळात प्रसिद्ध करत असतं. म्हणजे ज्यांना ‘गायब’ म्हटलं जात होतं त्यांतल्या लाखो मतांची नोंद त्या सरकारी तक्त्यात उघड दिसत होती.

लोकांचा राग मात्र निराधार नाही. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या, अमेरिकी संसदेच्या १३ व्या मतदारसंघात रिपब्लिकन जॉन ड्युआर्टे आधी पुढे होते आणि शेवटी डेमोक्रॅट ॲडम ग्रे १८७ मतांनी जिंकले. हे स्पष्ट व्हायला ३ डिसेंबर उजाडला. चार आठवडे आघाडी विरघळताना पाहणाऱ्या मतदाराला संशय आला, तर त्याला मूर्ख ठरवून भागणार नाही. फ्लोरिडात टपाली मतं मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत पोहोचावी लागतात आणि आलेली पाकिटं आधीपासूनच तपासून मोजायला घेतात, म्हणून तिथला निकाल त्याच रात्री दिसतो. पेनसिल्व्हेनियात आणि विस्कॉन्सिनमध्ये मतदानाचा दिवस उजाडेपर्यंत टपाली पाकीट उघडायचीसुद्धा परवानगी नाही. म्हणूनच २०२० मध्ये तिथले टपाली आकडे उशिरा आले आणि ‘रात्रीतून मतं ओतली’ ही ओरड झाली. कायदेमंडळांनी मनावर घेतलं तर हे बदलता येईल. न बदलणं हा राजकीय निर्णय आहे आणि त्याची किंमत विश्वासाच्या रूपात मोजावी लागते आहे. पण मोजणी संथ असणं वेगळं आणि मोजणीत चोरी होणं वेगळं.

‘२०२० चा निळा स्तंभच खोटा आहे’

आलेखात फक्त निळे स्तंभ का, हा पहिला प्रश्न. शेजारी रिपब्लिकन मतांचे लाल स्तंभ लावले की चित्र बदलतं. २०१६ मध्ये ट्रम्पना ६.३ कोटी मतं होती, २०२० मध्ये ७.४२ कोटी. हरणाऱ्या उमेदवाराची मतंही १.१ कोटींनी वाढली, कारण त्या वर्षी सगळीकडेच मतदान वाढलं होतं: पात्र नागरिकांपैकी २०१६ ला सुमारे ६० टक्के, २०२० ला ६६, आणि २०२४ ला ६४. त्यात २०१६ मध्ये इतर उमेदवारांकडे गेलेली सुमारे ७८ लाख मतं २०२० मध्ये २९ लाखांवर आली. तिसऱ्या उमेदवारांकडून मतदार दोन मोठ्या पक्षांकडे परतले होते.

करोनाच्या वर्षी मतदान करणं अनेक राज्यांत पूर्वीपेक्षा सोपंही झालं होतं. न्यू जर्सीने २०२० मध्ये सगळ्या सक्रिय मतदारांना टपाली मतपत्रिका पाठवल्या. २०२४ मध्ये ती सोय उरली नव्हती, मतपत्रिका मागवावी लागत होती. देशभरात टपालाने मत देणाऱ्यांचं प्रमाण जनगणना विभागाच्या पाहणीनुसार ४३ टक्क्यांवरून २९ वर आलं.

आणि २०२० ची मतं तपासली गेली नाहीत असंही नाही. जॉर्जियाने पन्नास लाखांच्या आसपास मतपत्रिका हाताने मोजल्या, नंतर यंत्राने पुन्हा मोजल्या. बायडन ११,७७९ मतांनी पुढे राहिले. विस्कॉन्सिनमध्ये ट्रम्प यांच्या प्रचार यंत्रणेने सुमारे ३० लाख डॉलर भरून डेन आणि मिलवॉकी या दोन काउंट्यांत फेरमोजणी करवली. त्यात बायडन यांची आघाडी ८७ मतांनी वाढली. ॲरिझोनात राज्याच्या सेनेटने (कायदेमंडळाचं वरचं सभागृह, तिथे बहुमत रिपब्लिकनांचं) आपल्या पसंतीचा कंत्राटदार नेमून मॅरिकोपा काउंटीची मतं तपासली. त्याच्याच अहवालात बायडन यांची ९९ मतं वाढली आणि ट्रम्प यांची २६१ कमी झाली.

‘मग २०२४ मध्ये हॅरिस यांची मतं पाडली’

बायडन ते हॅरिस ही घट खरी आहे, सुमारे ६३ लाखांची. ती कुठे झाली, यातच उत्तर आहे. कॅलिफोर्नियात १८ लाख, न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात सहा-सहा लाखांवर, टेक्ससमध्ये सव्वाचार, इलिनॉयमध्ये चार, न्यू जर्सीत जवळपास चार. या सहा राज्यांतच सुमारे ४३ लाख. अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांतल्या निकालांवरून, आणि यांतलं एकही राज्य अटीतटीचं नव्हतं. चार तर हॅरिस यांनी जिंकलीच.

उलट जिथे निकाल ठरत होता तिथे पाहा. जॉर्जियात हॅरिस यांना बायडन यांच्यापेक्षा सुमारे ७४ हजार मतं जास्त पडली, विस्कॉन्सिनमध्ये ३७ हजार, नॉर्थ कॅरोलिनात ३१ हजार, नेवाडातही किंचित जास्त. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया आणि ॲरिझोनात ती घटली. मतं चोरणारा कॅलिफोर्नियातून १८ लाख मतं पळवून काय साधणार होता? जिथे प्रचार झाला, दारं ठोठावली गेली, तिथे मतदार बाहेर पडले. जिथे आपल्या मताने राज्याचा निकाल बदलणार नाही असं वाटत होतं, तिथे बरेच घरी बसले.

स्टारलिंक या उपग्रहावरून चालणाऱ्या इंटरनेट सेवेमधून आकडे बदलले, ही याच मजकुराची पुढची शाखा. काही ठिकाणी स्टारलिंकची जोडणी मतदार यादी तपासणाऱ्या टॅबलेटसाठी वापरली होती, हे खरं. पण मतं मोजणारी यंत्रं त्या जोडणीवर चालत नाहीत, आणि बहुतांश मतं कागदावर असतात. इंटरनेटवरचा आकडा बदलला तरी पेटीतला कागद बदलत नाही, आणि बहुतेक राज्यांत त्या कागदाशी ताळा घेतला जातो.

तिसरी शंका अशी: मिशिगनमध्ये अमेरिकी संसदेच्या सेनेटच्या जागेवर डेमोक्रॅट एलिसा स्लॉटकिन जिंकल्या, मग हॅरिस हरल्या कशा? स्लॉटकिन यांना २७.१ लाख मतं, हॅरिस यांना २७.४ लाख. जिंकलेल्या उमेदवाराला हॅरिस यांच्यापेक्षा कमी मतं आहेत. फरक पडला तो दुसऱ्या बाजूला: ट्रम्पना २८.२ लाख मतं आणि त्यांच्याच पक्षाच्या माइक रॉजर्स यांना २६.९ लाख. ट्रम्पना मत देऊन सेनेटचा रकाना कोरा ठेवणारे किंवा तिथे दुसऱ्याला निवडणारे मतदार होते. यात बेकायदा काही नाही.

फेरमोजणीबद्दल एवढंच: पेनसिल्व्हेनियात अर्ध्या टक्क्याच्या आत फरक असेल तर फेरमोजणी आपोआप लागते. त्याच निवडणुकीत डेमोक्रॅट बॉब केसी विरुद्ध रिपब्लिकन डेव्ह मॅकॉर्मिक या सेनेट लढतीत ती लागलीही आणि केसी यांनी २१ नोव्हेंबरला हार मान्य केली. अध्यक्षपदाचा फरक १.७ टक्के होता.

‘एवढे मतदार हवेत विरले का?’

विरले नाहीत, ते सापडतात. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने आपल्या पाहणीतल्या लोकांच्या नोंदी सरकारी मतदार नोंदींशी जुळवल्या. ट्रम्प यांच्या २०२० च्या मतदारांपैकी ८९ टक्के २०२४ मध्ये मतदानाला आले, बायडन यांच्या मतदारांपैकी ८५. काहींनी पक्ष बदलला. मिशिगनमधल्या अरबवंशीयांच्या डिअरबॉर्न शहरात २०२० ला बायडन यांना सुमारे ६९ टक्के मतं होती. गाझातल्या युद्धावरच्या संतापानंतर २०२४ ला ट्रम्प ४२, हॅरिस ३६ आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन १८ टक्के. टेक्ससच्या सीमेवरच्या स्टार काउंटीत शंभरहून अधिक वर्षांनी रिपब्लिकन उमेदवार जिंकला. या लोकांना ‘गायब मतं’ म्हणणं म्हणजे त्यांनी दिलेला निर्णय ऐकायला नकार देणं आहे. दोन्ही पक्षांना ते सोयीचं पडतं: एकाला जुना पराभव पुसता येतो, दुसऱ्याला नव्याची कारणं शोधावी लागत नाहीत. आणि पात्र असूनही मत न देणारे जवळपास नऊ कोटी लोक दोघांच्याही हिशेबात येत नाहीत.

खरोखर वाया जाणारी मतं वेगळीच असतात. सही न केलेली, सही न जुळलेली, उशिरा पोहोचलेली. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी वाचकांनी यात लक्ष घालावं. वाहन परवान्याच्या वेळी इलेक्ट्रॉनिक पॅडवर घाईत केलेली सही अनेकदा तुलनेला वापरली जाते, तेव्हा सही बदलली असेल तर नोंदणी अद्ययावत करून घ्या. पाकीट टपालपेटीत टाकल्या दिवशीच शिक्का बसेल याची खात्री नसते. शेवटच्या दिवशी टाकायचं असेल तर अधिकृत मतपेटीत टाका किंवा टपाल कार्यालयाच्या खिडकीवर समोर शिक्का मारून घ्या. आपल्या राज्यात मतपत्रिका कुठवर पोहोचली हे ऑनलाइन पाहायची सोय असेल तर नाव नोंदवा, आणि सहीच्या दुरुस्तीचं पत्र आलं तर मुदतीच्या आत उत्तर द्या.