दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: पेस्ट केलेली गिस्ट मर्ज का होत नाही

नमस्कार,

आमच्या गिट (फायलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कोर्सबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत: आम्ही बॅकअपची स्क्रिप्ट दुरुस्त केली तरी तुमची प्रत जुनीच राहिली, मर्ज करताना (दोन प्रतींमधले बदल एकत्र करताना) ‘अनरिलेटेड हिस्टरीज’ची, म्हणजे दोन्हींचा इतिहास वेगळा असल्याची, एरर आली आणि ‘सिक्रेट’ गिस्ट (गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचं छोट्या कोडचं पान) भलत्याच माणसाने उघडली.

पहिल्या दोन्हींचं मूळ एकच. गिटहबवरची प्रत्येक गिस्ट ही आतून गिट रिपॉझिटरीच (बदलांच्या इतिहासासह ठेवलेला फायलींचा साठा) असते. तुम्ही दिलेल्या लिंकवर ‘फोर्क्ड फ्रॉम’ ही ओळ नाही (फोर्क म्हणजे मूळ गिस्टच्या इतिहासासकट घेतलेली स्वतःची प्रत), म्हणजे कोड नव्या गिस्टमध्ये पेस्ट केलाय. मजकूर तोच, पण आमच्या कमिट्सशी (गिटने नोंदवलेल्या बदलांशी) त्याचा संबंध उरला नाही. नेटवर सर्रास सुचवतात तसं ‘अलाउ अनरिलेटेड हिस्टरीज’ हा पर्याय लावू नका. मर्ज सुरू होईल, पण सामाईक कमिट नसल्याने कोणता बदल कुणाचा हे गिटला ठरवता येत नाही आणि जिथे जिथे फरक आहे तिथे कॉन्फ्लिक्ट (हाताने सोडवावा लागणारा विरोध) येतो.

त्यापेक्षा आमची गिस्ट फोर्क करून तो फोर्क क्लोन करा (तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवा). तुम्ही कोड उचललात त्या वेळचा कमिट ‘गिट लॉग’मध्ये (कमिट्सच्या यादीत) शोधा आणि तिथून ब्रँच (बदलांची वेगळी शाखा) काढा. ही पायरी गाळून थेट मेनवर (मुख्य ब्रँचवर) फाइल पेस्ट केलीत, तर आमच्या नंतरच्या दुरुस्त्या तुमच्याच कमिटने पुसल्या जातील. ब्रँचवर तुमची फाइल टाका, कमिट करा, मग मेनवर येऊन ती मर्ज करा.

फोर्कसुद्धा आपोआप अपडेट होत नाही, हे खरंच. ‘गिट रिमोट ॲड अपस्ट्रीम’ आणि पुढे आमच्या गिस्टचा पत्ता, ही कमांड एकदाच द्या (‘अपस्ट्रीम’ म्हणजे आमची मूळ गिस्ट). नंतर दरवेळी ‘गिट फेच अपस्ट्रीम’ आणि ‘गिट मर्ज अपस्ट्रीम/मेन’. जुन्या गिस्टमध्ये मेनऐवजी मास्टर असतं. पुश करताना (बदल गिटहबवर पाठवताना) पासवर्ड चालत नाही. ऑगस्ट २०२१ पासून टोकन (गिटहबवर बनवायची प्रवेशाची किल्ली) लागतं, त्याला ‘गिस्ट’ची परवानगी द्या. गिस्टला पुल रिक्वेस्टची (आपले बदल मूळ मालकाने घ्यावेत अशा विनंतीची) सोय नाही (असायला हवी होती), म्हणून सुधारणा सुचवायची तर फोर्कची लिंक कॉमेंटमध्ये टाका.

आता ‘सिक्रेट’. अशी गिस्ट फक्त शोधात दिसत नाही. लिंक हाती लागली की कुणीही उघडू शकतं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये डेटाबेसचा पासवर्ड आहे. ती ओळ खोडून उपयोग नाही, रिव्हिजन्समध्ये (गिस्टच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये) ती तशीच राहते. आधी डेटाबेसवर पासवर्ड बदला, मग गिस्ट डिलीट करा.