साव नवरा

आज सकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी फक्त लिफ्टच्या रिपेरिंगची बिलं बघायला मागितली. बघायला हं, भांडायला नाही. तर सेक्रेटरी सगळ्यांसमोर हसत म्हणतात, "बेन, साव नवरा लागो छो!" आता गुजरातीतला साव म्हणजे अगदी आणि नवरा म्हणजे रिकामटेकडा हे बडोद्याच्या मराठी लोकांना काय सांगायचं, आपल्या घरातला जुना जोक आहे तो, पण आज हसू आलं नाही.

कारण हेच वाक्य बाबांना ऐकवलं होतं, २०१२ च्या डिसेंबरात, विधानसभेच्या वेळी. बाबांनी रावपुऱ्यातल्या सायबर कॅफेतून आपल्या भागातल्या उमेदवारांची ऍफिडेविट काढून आणली, कोणावर केस किती, मालमत्ता किती, आणि नोटीस बोर्डवर "उद्या पाणी येणार नाही" च्या शेजारी टाचली. सगळ्यांची, सगळ्या पक्षांची. दुपारपर्यंत गायब. परत लावली, परत गायब.

तो कागद बाबांच्या हातात आला कसा, हे कोणाला माहितीय? इथून शंभरेक किलोमीटरवर, अमदावादच्या आयआयएममधल्या काही प्रोफेसरांनी १९९९ मध्ये एडीआर, म्हणजे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली आणि कोर्टात गेले की उमेदवारांची माहिती लोकांना द्या. त्यातले एक जगदीप छोकर. आधी रेल्वेत नोकरी, मग अमेरिकेत पीएचडी, मग प्रोफेसर. आणि साठीच्या आसपास वकिलीची डिग्री! पक्षी बघायचा नाद वेगळाच. हा माणूस नवरा?

२००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हो म्हटलं तर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष लगेच एक झाले, कायदाच बदलून टाकला. तोही कोर्टाने मार्च २००३ मध्ये उडवला, तेव्हा कुठे ते ऍफिडेविट आपल्यापर्यंत आलं. आणि हे लोक तिथे थांबले नाहीत, इलेक्टोरल बाँडच्या, म्हणजे पक्षांना नाव न सांगता देणगी द्यायच्या स्कीमच्या केसमध्येही एडीआर होतीच. १५ फेब्रुवारी २०२४ ला ती स्कीम रद्द झाली. बाँड विकणारी स्टेट बँक म्हणाली माहिती द्यायला ३० जूनपर्यंत वेळ द्या, म्हणजे निवडणूक उरकल्यावर! कोर्टाने दिला नाही म्हणून देणगी देणाऱ्यांची नावं तरी दिसली. हिशोब मागितला की सगळीकडे तेच, देतो ना, घाई काय आहे.

हो, मान्य, ऍफिडेविट वाचून कोणी मत बदलत नाही, केसवाले निवडून येतातच. येऊ देत. म्हणून काय बोर्ड कोरा ठेवायचा?

आता खरं सांगते, कधी कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्यांदा तो कागद मी काढला. त्या रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते आणि खाली बोर्डपाशी सगळे बाबांची चेष्टा करतायत, मला लाज वाटली. रात्री गुपचूप खाली गेले, कागद काढला, घडी करून पर्समध्ये टाकला. सकाळी बाबा बोर्डसमोर उभे राहिले, खिशातून टाचण्यांची डबी काढली, परत आत ठेवली. त्यांना कळलं असणार. पाहुण्यांसाठी शेव-चिवडा आणायला मांडवीला गेले, परत आल्यावरही काही बोलले नाहीत.

छोकर सर १२ सप्टेंबर २०२५ ला गेले. देहदान केलं होतं म्हणे. बातमी वाचली तेव्हा बाबांना दाखवावीशी वाटली, पण ते त्याआधीच गेलेले.

असो. सेक्रेटरींचा मला राग नाही, म्हणजे आहेच, पण चौदा सालापासून तेच पद सांभाळतायत, दुसरं कोणी उभं राहत नाही, हेही खरं. मघाशी ग्रुपवर बिलांचं लेखी मागितलं. दोन जणांनी हात जोडले, एकाने गुड नाईटचं गुलाबाचं फूल टाकलं. सहकारी सोसायटीचे उपनियम कोणाकडे गुजरातीत असतील तर पाठवा, उद्या झेरॉक्स काढायचीय.