व्हायल आधी बाजूला ठेवा

‘सिस्टर उदासीन असतात म्हणून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद होत नाही’ हे लेखातलं वाक्य पटलं नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतलं एखादं वीस खाटांचं नर्सिंग होम घ्या. रात्री अँटिबायोटिक चालू असताना पुरळ उठलं की औषध बंद, ॲलर्जीवरची ॲव्हिल-हायड्रोकॉर्ट इंजेक्शनं, डॉक्टरांना फोन. सकाळी व्हायल (इंजेक्शनची बाटली) कचऱ्यात, बॅच नंबरही गेला. पेशंट सावरला की लगेच व्हायल बाजूला ठेवायची, लेबलचा फोटो घ्यायचा आणि केसपेपरवर औषध कधी सुरू केलं, किती वेगानं, त्रास कितव्या मिनिटाला, हे लिहायचं. वेग तर हमखास. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक १ ग्रॅम तासाच्या आत शिरेतून सोडलं तर चेहरा-मान लाल होऊ शकते. ती बहुतेकदा खरी ॲलर्जी नसते, हळू दिलं की चालतं. नुसतं ‘व्हँको ॲलर्जी’ लिहिलं की गरजेच्या वेळी ते औषध हुकतं.

आणि ‘त्रास औषधामुळंच झाला हे सिद्ध कुठं झालंय?’ असं म्हणून कळवायचं टाळलं जातं. अहो, कळवायचा फॉर्म संशयित दुष्परिणामाचाच आहे! पेशंटची आद्याक्षरं, वय, त्रास व तारीख, संशयित औषध, कळवणाऱ्याचं नाव एवढ्यावरही नोंद होते. बॅच नंबरावाचून अडत नाही. दुष्परिणाम कळवायचा १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर लेखात हवाच होता. कळवणाऱ्याची ओळख गुप्त राहते, हे ठीक. पण वेग चुकला असं लिहिल्यावर वॉर्डातच मेमो मिळाला तर? त्यावर लेखात एक ओळही नाही.