सुडाचा फायदा कोणाला?

नराधमाला कोर्टात नेण्यापेक्षा तिथल्या तिथे निकाल लावावा, हे मत ठाण्यातल्या माझ्या मित्रमंडळींत आता पक्के झाले आहे. बदलापूरच्या चिमुकल्यांवरील अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गोळीने मारला गेला, तेव्हा पेढे वाटले गेले आणि नॉर्वेतल्या ऑस्लोत राहणाऱ्या मला 'तिकडे बसून तुला काय कळणार' हे ऐकावे लागले.

मला मात्र शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' आठवत होते. आगरकरांनी १८८३ मध्येच 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणलेल्या या नाटकाविषयी नेहमी म्हटले जाते की, बापाचा खून करून राजा झालेल्या काकावर सूड घ्यायला राजपुत्र हॅम्लेट फार वेळ लावतो. पण काका प्रार्थनेला बसलेला असताना हॅम्लेट उपसलेली तलवार आवरतो, ती दयेने नव्हे; आत्ता मारला तर हा स्वर्गात जाईल आणि आपल्याला तो नरकात हवा आहे, म्हणून. मृत्यूनेही त्याचे समाधान होणार नसते. लगेच पुढच्या प्रवेशात आईच्या महालात पडद्यामागे आवाज होताच तो कोण आहे हे न पाहता तलवार खुपसतो, आणि मरतो म्हातारा पोलोनियस.

त्याहून बोचरा भाग पोलोनियसच्या मुलाचा, लेअर्टिसचा. बापाच्या खुनाचा जाब विचारायला तो जमाव घेऊन थेट राजवाड्यात घुसतो. पण ज्या राजाच्या पापातून हे सारे रामायण घडले, तोच त्याची समजूत घालतो, त्याचा राग हॅम्लेटकडे वळवतो आणि विषारी तलवारीच्या कटात त्याला सामील करून घेतो. राजाला आता कोणी काही विचारत नाही.

बदलापुरातही ऑगस्टमध्ये लोक रुळांवर उतरले होते, त्यात तक्रार नोंदवायला झालेल्या दिरंगाईचा संताप मोठा होता. गोळी सुटल्यावर माझ्या मित्रांच्या बोलण्यातून ती दिरंगाई गायबच झाली.

नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी एकाच माणसाने ७७ जणांचा बळी घेतला. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याला २१ वर्षांची, पुढे वाढवता येणारी कैद झाली (ठाण्यात हा आकडा सांगितला की लोक हसतात). त्याच महिन्यात चौकशी आयोगाने पोलिसांच्या त्रुटींवर बोट ठेवले आणि देशाच्या पोलीस प्रमुखांनी राजीनामा दिला.

मित्रांचा एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही: तिथे खटला वर्षभरात उरकतो, आपल्याकडे फिर्यादीचे केस पिकतात. हा राग रास्त आहे. फक्त न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरा म्हणून कोणी लोकल अडवल्याचे अजून माझ्या ऐकिवात नाही.