अपंगत्वाचा दाखला लावला की अटेंडंटचे पैसे मिळतात?

रस्ता अपघातातल्या जखमींच्या नातेवाइकांमध्ये एक मेसेज सतत फिरतो. मजकूर साधारण असा (ट्रायब्युनल म्हणजे मोटार अपघातांतल्या भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण): "अपंगत्वाचा सरकारी दाखला लावा, सांभाळणाऱ्याचा खर्च ट्रायब्युनल आपोआप धरतं. तिथं पुराव्याचे नियम सैल असतात, शुश्रूषेचा वेगळा तज्ज्ञ कशाला? साक्षीला आणायचाच तर ऑपरेशन केलेला मोठा सर्जन आणा. आणि घरचेच सगळं करत असतील तर त्याचे पैसे मिळत नाहीत." चार वाक्यं, चारही चुकीची. एकात अर्धं खरं आहे, म्हणून तेच जास्त फसवं.

आधी दाखला. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की नुसता दाखला दाखल करून त्यातलं अपंगत्व सिद्ध होत नाही; उपचार करणारा किंवा तपासून टक्केवारी ठरवणारा डॉक्टर उलटतपासणीला हजर हवा. एका पायाचं अपंगत्व म्हणजे तेवढंच सगळ्या शरीराचं नव्हे आणि शरीराची टक्केवारी म्हणजे कमाईतली घट नव्हे, हेही त्याच निकालात आहे. शुश्रूषेच्या बाबतीत तर टक्केवारी जवळजवळ मुकी असते. दोघांच्या दाखल्यावर सारखाच आकडा असेल. एकजण फळीवरून स्वतः सरकून व्हीलचेअरमध्ये बसतो, दुसऱ्याला उचलायला दोन माणसं लागतात. दाखल्यात हा फरक दिसत नाही, खर्चात मात्र तो कैक लाखांचा असतो.

अर्धं खरं ते नियमांबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे ट्रायब्युनल संक्षिप्त पद्धतीने चौकशी करू शकतं, हे बरोबर. पण त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात विशेष ज्ञान असलेल्या व्यक्तीची मदत घेण्याचा अधिकारही ट्रायब्युनलला दिलेला आहे. पद्धत सैल असली म्हणून आकडा हवेतून येत नाही. पुरावा नसेल तर ट्रायब्युनल अंदाजाने एक ठोक रक्कम लिहून मोकळं होतं, आणि असा अंदाज सहसा कमीच असतो.

पुराव्याने काय होतं, ते काजल विरुद्ध जगदीश चंद (२०२०) मध्ये दिसतं. बारा वर्षांची मुलगी, अपघातानंतर पूर्ण परावलंबी. उच्च न्यायालयाने अटेंडंटसाठी महिना २,५०० रुपये धरून ४४ वर्षांचे १३,२०,००० दिले होते. सर्वोच्च न्यायालयासमोर हरियाणा सरकारची २०१० ची वेतन अधिसूचना ठेवली गेली. त्यात कुशल कामगाराचं वेतन ४,८४६ रुपये होतं. त्यावरून एका अटेंडंटचे ५,०००, दोघांचे १०,०००, वर्षाचे १,२०,००० आणि गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो वयावरून ठरणारा आकडा) १८, म्हणजे २१,६०,००० रुपये झाले. अटेंडंटच्या खर्चालाही गुणक लागतो म्हटल्यावर महिन्याच्या आकड्यातली चूक पटीत वाढते. जखमी २८ वर्षांचा असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे गुणक १७. महिन्याला ३,००० कमी धरले गेले की ६,१२,००० गेले.

आता सर्जन. मणका कुठे तुटला, प्लेट कशी बसवली, पुढे सुधारणा किती, हे सांगायला तोच हवा. पण घरी गेल्यावर दिवस कसा जातो हे त्याला बहुतेक वेळा ठाऊक नसतं. "चोवीस तास अटेंडंट आवश्यक" अशी एक ओळ तो लिहितो आणि उलटतपासणीत पहिलाच प्रश्न येतो: घर पाहिलंत का? इथे पुनर्वसन-वैद्यकातला डॉक्टर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारा) किंवा मणक्याच्या व मेंदूच्या रुग्णांबरोबर प्रत्यक्ष काम केलेली अनुभवी नर्स जास्त उपयोगी. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९, म्हणजे जुन्या पुरावा कायद्यातलं ४५, त्या विषयातलं विशेष कौशल्य बघतं. नावाची पाटी नव्हे.

चांगल्या अहवालात कामं वेळेसकट लिहिलेली असतात. साध्या गादीवर कूस बदलणं दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. स्वच्छ कॅथेटर घालून लघवी काढणं दिवसातून चार ते सहा वेळा. शौचाला अर्धा ते एक तास. अंघोळ, कपडे, बिछान्यातून खुर्चीत: एक माणूस की दोन? छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा असेल तर तुंबलेल्या कॅथेटरनेही रक्तदाब एकदम चढतो, म्हणून हा धोका ओळखणारं माणूस जवळ लागतं. साधी आया पुरत नाही. शिवाय रात्र जागून काढावी लागते की हाकेच्या अंतरावर झोपलेलं माणूस चालतं, हे वेगळं लिहिलेलं हवं. "चोवीस तास" म्हणजे आठवड्याला आठ तासांच्या २१ पाळ्या. एक माणूस सहा पाळ्या करत असेल तर साडेतीन माणसं. ट्रायब्युनल तेवढी देईलच असं नाही, काजलमध्ये दोनच धरली. पण हिशेबच मांडला नाही तर एकावर भागवलं जातं.

दर कुठून आला तेही लागतं: किमान वेतनाची चालू अधिसूचना, दोन-तीन नर्सिंग ब्युरोंची लेखी दरपत्रकं, दिलेल्या पगाराच्या पावत्या किंवा बँकेच्या नोंदी. रोखीने दिलेले पैसे शाबित करताना नाकी नऊ येतात.

तज्ज्ञ ठरवण्याआधी विचारून घ्या: रुग्णाला घरी येऊन तपासाल का, अजून प्रत्यक्ष काम करता का, विमा कंपन्यांसाठीही अहवाल दिलेत का, साक्षीच्या तारखेला याल का. मिळणाऱ्या रकमेतला टक्का मागणारा नको. उलटतपासणीत तेवढ्यावर सगळा अहवाल कोसळतो. आणि ज्याच्या अहवालात "याची गरज नाही" असं एकही वाक्य नसतं, तोही टिकत नाही. जखमी लहान मूल असेल तर त्या वयाच्या कुठल्याही मुलाचं जे करावंच लागतं ते वजा करूनच वरचे तास धरायचे. हे तज्ज्ञाने स्वतः केलेलं बरं. विरुद्ध बाजूने दाखवून दिलं की बाकीच्या आकड्यांवरही शंका येते.

राहिले घरचे. आई किंवा बायको फुकट करते म्हणून दावा बुडत नाही. घरच्यांच्या विनामोबदला सेवेमुळे जखमीची भरपाई हिरावता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने डीटीसी (दिल्ली परिवहन महामंडळ) विरुद्ध ललिता या जुन्या निकालात सांगितलेलं आहे. अडतं ते नोंदीपाशी. किमान चौदा दिवस वही ठेवा: वेळ, काम, किती मिनिटं, कोणी केलं. घरात एरवीही होणारा स्वयंपाक त्यात घालू नका, भरवण्याचा वेळ घाला. आणि रोजचं रोज लिहा. मागच्या तारखा टाकून एका बैठकीत भरलेली वही शाईवरूनच ओळखू येते, आणि विमा कंपनीचा वकील सुरुवात तिथूनच करतो.