बोट रद्द, क्रेडिट हजर

बोट रद्द झाल्याचा ईमेल क्रूझ कंपन्या फार मायेने लिहितात. ‘आपली किती निराशा झाली असेल याची आम्हांला कल्पना आहे’ अशी सुरुवात, मग इंजिनाची दुरुस्ती किंवा कुणी बड्या आसामीने अख्खी बोटच भाड्याने घेतल्याचं ओझरतं कारण, आणि शेवटी ठळक टायपात ‘१२५ टक्के फ्युचर क्रूझ क्रेडिट’, म्हणजे पुढच्या फेरीच्या भाड्यात वळती होणारी रक्कम. शंभराचे सव्वाशे म्हटल्यावर आपला मराठी माणूस निराशा विसरतो. बँकेत वर्षभर पैसे अडकवून जे मिळत नाही ते इथे नुसती बोट न सुटल्यामुळे मिळतंय! घरातल्या कर्त्या पुरुषाचा अंगठा ‘स्वीकारा’ या बटणाकडे जातो. तो वाटेतच अडवावा, असं माझं मत आहे.

कारण हे सव्वाशे म्हणजे पैसे नव्हेत. कंपनीच्याच दुकानात, कंपनीच्याच अटींवर, कंपनी सांगेल त्या तारखेच्या आत खपवायची ही चिठ्ठी आहे. रोख परताव्याचा पर्याय त्याच ईमेलमध्ये असतो, फक्त तीन परिच्छेद खाली आणि बारीक टायपात. अमेरिकेच्या बंदरातून सुटणाऱ्या बोटींसाठी फेडरल मॅरिटाइम कमिशन या तिथल्या सरकारी संस्थेचा २०२२ चा नियम आहे. कंपनीने फेरी रद्द केली, किंवा सुटायला तीन दिवस वा जास्त उशीर केला आणि तुम्ही न जायचं ठरवलं, तर पैसे परत मागता येतात आणि मागितल्यापासून १८० दिवसांत ते मिळायला हवेत. म्हणजे न्यू जर्सीतल्या बेयॉनहून किंवा मायामीहून निघणाऱ्याला ‘आता क्रेडिटच घ्या’ असं कुणी दरडावू शकत नाही. सासूबाईंचा व्हिसा आला नाही म्हणून तुम्हीच फेरी रद्द केलीत, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे कंपनी जे देईल ते गोड मानून घ्यायचं.

आता हिशेब. सात रात्रींच्या बर्म्युडा फेरीचं माणशी भाडं समजा ८०० डॉलर होतं. वर कर आणि बंदराचे आकार १६०, आणि टिपा दिवसाला १८ प्रमाणे १२६. एकूण १,०८६. नवरा-बायकोचे मिळून २,१७२. घरोघरी याच आकड्याला सव्वाने गुणलं जातं, २,७१५ येतात आणि लगेच बाल्कनीवाल्या केबिनची चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात सव्वापट होते ती फक्त भाड्याची. ८०० चे १,०००, दोघांचे २,०००. कर आणि टिपांचे माणशी २८६ जसेच्या तसे कार्डावर परत येतात, त्यांना बोनस नाही.

पुढच्या वर्षी तीच बोट, तीच फेरी, पण भाडं आता १,१५०. भाडी वाढतातच, शिवाय बोटभर माणसं हातात क्रेडिट घेऊन त्याच तारखा शोधत असतात. क्रेडिटचे १,००० वजा केले, भाड्याचे १५० उरले. कर १६५, टिपा १२६. म्हणजे ‘फुकट’ फेरीसाठी माणशी ४४१ डॉलर खिशातून. परत आलेले २८६ धरले तरी १५५ ची खोट. रोख परतावा घेतला असता तर १,०८६ हातात आणि १,४४१ ची फेरी, म्हणजे ३५५ ची खोट. क्रेडिटचा खरा फायदा माणशी २०० डॉलर, आणि तोसुद्धा याच कंपनीच्या बोटीवर जायचं असेल तर. शेजारच्या धक्क्यावरची दुसऱ्या कंपनीची बोट २०० डॉलरनी स्वस्त असेल, तर सव्वाशे टक्क्यांचं सगळं मुसळ केरात.

क्रेडिट कराला, बंदराच्या आकाराला, टिपांना, वायफायला, सहलींना सहसा चालत नाही, कारण कर आणि बंदराचे पैसे कंपनीला पुढे रोखीतच मोजावे लागतात; ‘तुमच्याकडे आमचं क्रेडिट आहे ना?’ असं बर्म्युडाच्या सरकारला विचारता येत नाही. हे कळायला पूर्वी तितकं अवघड नव्हतं. जाहिरातीत नुसतं भाडं असायचं आणि कर खाली वेगळे. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने सक्तीचे आकार धरूनच किंमत दाखवणं आवश्यक झालं आणि बड्या कंपन्यांनी करांसकट किंमत दाखवायची पद्धत देशभर उचलली. ग्राहकाच्या भल्याचा कायदा, पण क्रेडिटवाल्याची पंचाईत झाली. वेबसाइटवर १,३१५ दिसतात, त्यातले १६५ क्रेडिटला शिवायलाही देणार नाहीत हे शेवटच्या पानावर कळतं. म्हणून बुकिंग करताना ‘प्राइस ब्रेकडाउन’ उघडावं आणि त्यातलं ‘क्रूझ फेअर’ एवढंच पाहावं. बाकी सगळं कार्डावर.

कधीकधी कंपनी तिसरा पर्याय देते. पुढच्या वर्षी साधारण त्याच आठवड्यात, तितक्याच रात्रींची, तशीच फेरी आणि त्याच प्रकारची केबिन जुन्या भावात. याला ‘लिफ्ट अँड शिफ्ट’ म्हणतात. भाव चढत असताना मला हा पर्याय सगळ्यात सरस वाटतो. मुदत मात्र थोडक्या दिवसांची असते आणि आपल्याकडे त्या दिवसांत ‘मुलांच्या सुट्ट्या कळू देत मग बघू’ एवढाच ठराव होतो.

खरी गोम पुढे आहे. क्रेडिट केबिनीला नसतं, माणसाला असतं. नवऱ्याच्या क्रेडिटमधले समजा १५० उरले, तर ते बायकोच्या भाड्यात ढकलता येत नाहीत. निदान बऱ्याच कंपन्यांत नाहीत. काहींत फोनवर विनंती केली तर होतं, तेव्हा विचारावं. पोरांचं तर विचारूच नका. तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचं भाडं शून्य अशी ‘किड्स सेल फ्री’ योजना असते. त्यात मुलांचे कर तेवढे भरायचे. भाडंच शून्य, मग मुलाच्या नावचं तीनशे डॉलरचं क्रेडिट लावणार कशाला? ते तसंच पडून राहतं. अशा वेळी योजना सोडून साध्या भावात बुकिंग केलं तर केबिनीचा एकूण आकडा किती होतो, ते एकदा मांडून पाहावं. क्वचित तेच स्वस्त पडतं.

आणि नावं! अमेरिकी संगणकाला मराठी पासपोर्ट हा एक स्वतंत्र उपद्रव आहे. ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव शेजारी शेजारी. एका बुकिंगमध्ये दोन्ही नावं, दुसऱ्यात एकच, तिसऱ्यात मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर. त्यात लग्नानंतर आडनाव बदललेलं, पण लॉयल्टी नंबर, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकाचा सभासद क्रमांक, माहेरच्या नावाचा. कंपनीच्या दृष्टीने या तीन वेगळ्या बायका असतात आणि क्रेडिट त्यांतल्या एकीच्याच पदरात असतं. नवीन बुकिंगला दुसरीचं प्रोफाइल जोडलं गेलं की वेबसाइट निर्विकारपणे सांगते, ‘आपल्या नावे क्रेडिट उपलब्ध नाही’. उपाय एकच. नवं बुकिंग करण्याआधी फोन करून प्रोफाइलं एकत्र करून घ्यायची आणि नाव पासपोर्टबरहुकूम ठेवायचं. बुकिंग झाल्यावर नाव दुरुस्त करता येतं, पण त्या दुरुस्तीला दुसरा विभाग, आणि दुसऱ्या विभागाला दुसरं होल्डचं संगीत.

तारखा दोन असतात. एक अमुक दिवसाच्या आत बुकिंग करायची आणि दुसरी अमुक दिवसाच्या आत बोट सुटायची. लोक एकच लक्षात ठेवतात, तीही चुकीची. त्याहून वाईट म्हणजे नवं बुकिंग रद्द केलं तर क्रेडिट परत येतं ते मूळ मुदतीसकट. मुदत तोवर संपली असेल तर ते परत येऊन जागच्या जागी मरतं. आणि शेवटचा हप्ता भरायची तारीख, म्हणजे बोट सुटण्याआधी साधारण ७५ ते ९० दिवस, ती उलटल्यावर रद्द केलंत तर दंड क्रेडिटमधूनही कापला जातो.

क्रेडिट लावायची कृती तशी साधी आहे. कंपनीचा ईमेल प्रमोशन्सच्या ढिगात, ‘साठ टक्के सूट’ आणि ‘शेवटची संधी’ यांच्या मधे सापडतो. तो सापडला की क्रेडिटचा कोड, जुना बुकिंग नंबर, रक्कम आणि दोन्ही तारखा प्रत्येक माणसाच्या नावापुढे कागदावर उतरवायच्या. जुनं बुकिंग रद्द झालं की ते खात्यातून दिसेनासं होतं, म्हणून जुनी पावती आधीच उतरवून ठेवायची. नवी फेरी निवडायची. काही कंपन्या डिपॉझिटलाही क्रेडिट घेतात, काही म्हणतात डिपॉझिट कार्डानेच. सात रात्रींच्या फेरीला ते माणशी २५० च्या आसपास असतं. वरच्या हिशेबात ते आधी गेलं तर शेवटी १९१ भरायचे राहतात. ‘नॉन-रिफंडेबल’ डिपॉझिटचा भाव थोडा कमी असतो, पण एकदा रद्द झालेल्या माणसाने त्या मोहात पडू नये. मग फोन. फोन शेवटच्या हप्त्याच्या आठवड्यात करू नये, तेव्हा सगळं गाव लायनीत असतं. फोनवरच्या बाईंना प्रत्येक प्रवाशाचा कोड वेगळा वाचून दाखवायचा आणि फोन ठेवण्याआधी सुधारित इन्व्हॉइस मागवायचा. त्यात ‘पेमेंट्स रिसीव्हड’च्या खाली प्रत्येकाच्या नावासमोर रक्कम दिसली तरच क्रेडिट लागलं. ‘आय हॅव नोटेड इट’ म्हणजे लागलं नाही. हप्त्याच्या तारखेला बाकी दिसत राहिली तर संगणक बुकिंग काढून टाकतो. त्याला तुमचं बाईंशी काय ठरलं ते माहीत नसतं.

मूळ बुकिंग एजंटमार्फत असेल तर कंपनी तुमच्याशी बोलतच नाही, एजंटशी बोला म्हणते. एजंट भारतातला असेल तर त्याच्या आणि तुमच्या झोपेच्या वेळा जुळवणं हा वेगळा अभ्यासक्रम. भारतात बुकिंग केलेल्यांनी परदेशी पॅकेजवर कापलेला टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, एजंटकडे मागत बसू नये. सरकारजमा झालेला तो पैसा आयकर खात्याकडच्या तुमच्या नावच्या नोंदीत दिसतो आणि आयकर विवरणपत्रातून वळता होतो. नव्या फेरीचा विमा उतरवताना बहुतेक पॉलिसी रोख भरलेली रक्कमच मोजतात, क्रेडिटने भरलेली नाही. विचारून लेखी घ्यावं.

कंपनीच बुडाली तर? मुंबईकरांना हे सांगायला नको. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून ‘कर्णिका’ मोठ्या थाटात सुटली, २०२० मध्ये तिची कंपनी बंद पडली आणि वर्ष संपायच्या आत बोट अलंगच्या भंगारात गेली. हाँगकाँगची ड्रीम क्रूझेस २०२२ मध्ये बुडाली. अशा वेळी क्रेडिट घेऊन बसलेला माणूस पैसे वसूल करायला आलेल्यांच्या रांगेत अगदी शेवटी उभा राहतो, पुढे बँका. कंपनीच्या तब्येतीविषयी कुजबुज कानावर आली तर सव्वाशे टक्के सोडून शंभर टक्के रोख घ्यावेत.

कधी भरपाई ‘ऑनबोर्ड क्रेडिट’च्या रूपात येते. ते बोटीवरच वापरायचं आणि ‘नॉन-रिफंडेबल’ असेल तर उतरण्याआधी संपवायचं, नाहीतर बुडालं. कॅसिनोत सहसा चालत नाही. बोट बंदरात असताना बोटीवरची दुकानं जकातीच्या नियमांमुळे बंद असतात, आणि उतरायच्या सकाळी बोट बंदरातच असते. त्यामुळे शेवटच्या रात्री दुकानात जी झुंबड उडते ती पाहण्यासारखी. कॅसरोलच्या आकाराचे मग, लंगरवाल्या टोप्या, तीन साइज मोठे टीशर्ट; ‘अहो, अजून चौदा डॉलर आहेत, काहीतरी उचला!’ समजूतदार माणूस पहिल्याच दिवशी ते सहलीला किंवा लाँड्रीला लावतो. वादळामुळे एखादं बंदर चुकलं तर त्या बंदराचा आकार तुमच्या बोटीवरच्या खात्यात जमा होतो, माणशी पाच-पंधरा डॉलर. तो बहुधा शेवटच्या रात्रीच दिसतो, दुकानातून टोपी घेऊन परतल्यावर.

आणि भाडं क्रेडिटपेक्षा कमी निघालं तर? १,००० चं क्रेडिट, ९५९ चं भाडं. उरलेल्या ४१ डॉलरचं बहुतेक कंपन्या नवं क्रेडिट काढून देतात. नवा कोड, मुदत मात्र जुनीच, आणि लावता येतं फक्त पुढच्या फेरीच्या भाड्याला. ते वाया जाऊ नये म्हणून चौदाशेची फेरी बुक करणारी शहाणी माणसं आहेत, आणि या ४१ डॉलरसाठीसुद्धा फोनच करावा लागतो.